मैत्रीत ‘नाही’ म्हणता येतं का? गावाकडच्या पोरापोरींसाठी मैत्री आणि नात्यांविषयी कामाची माहिती

बातमीदारी करताना एक वाक्य मी बऱ्याचदा ऐकलंय. कुठल्या तरी गावात एखाद्या तरुण पोराचं बरंवाईट झालेलं असतं. पोलिसांचा पंचनामा चाललेला असतो आणि बाजूला लिंबाखाली त्याचे चार मित्र खाली मान घालून उभे असतात. त्यातला एखादा हळूच म्हणतो, “आठ दिवस झालं तसंच बोलत होता ओ. आम्हाला वाटलं चेष्टा करतोय.”

बातमीत हे वाक्य जात नाही. नाव, वय, गाव आणि ‘कारण समजू शकले नाही’ एवढंच जातं. ती चार पोरं काही वाईट मित्र नसतात. रोजचा चहा एकत्र, एका गाडीवर तिघं, वाढदिवसाला चौकात बॅनर, सगळं असतं. फक्त ‘मला बरं वाटत नाही’ हे एकमेकांना सांगायची आणि ऐकायची सवय त्यांच्यात कधी पडलेली नसते.

म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. बारावी शिकलेला, शेती करून बातम्या पाठवणारा माणूस आहे. पण पंचवीसएक वर्षांत मैत्री जुळताना, तुटताना, पोलीस ठाण्यापर्यंत जाताना बघितली. कायद्याची आणि हेल्पलाईनची जी माहिती खाली दिली आहे ती पोरांनी वाचावी, आणि आईबापांनीही.

सावडीचा हिशेब

शेतकऱ्याच्या पोराला मैत्री समजावून सांगायला लांब जायची गरज नाही. आपल्याकडं सावड होती, काही भागात तिला पैरा म्हणतात. आज माझी जोडी तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या रानात. आज आम्ही दोघं तुझं सोयाबीन काढायला, परवा तुम्ही दोघं आमच्याकडं. कागदावर कोणी लिहीत नव्हतं, पण पाळी सगळ्यांच्या ध्यानात असायची. आणि एखाद्याला यायला जमणार नसलं तर तो आदल्या संध्याकाळी येऊन सांगायचा, “उद्या नाही जमत, पाव्हणं आलंय.” समोरचा कुरकुर करायचा, पण सावड मोडत नव्हती.

तिच्या जोडीला इर्जिक होती. एखाद्याची बैलं गेली, घरात आजारपण आलं, तर गावातल्या आठ-दहा जोड्या एकाच दिवशी त्याच्या रानात उतरायच्या. त्यानं फक्त जेवण घालायचं. तिथं पाळीचा हिशेब नव्हता.

मैत्रीला दोन्ही लागतं. रोजच्या दिवसांत सावड, म्हणजे देणंघेणं दोन्ही बाजूंनी. आणि अडचणीच्या दिवसांत इर्जिक. एकच माणूस कायम देतोय, कायम गाडीत पेट्रोल टाकतोय, कायम ऐकून घेतोय, ती मैत्री नाही, ते सालगड्याचं काम झालं. उलट प्रत्येक चहाचा हिशेब ठेवणारा माणूसही कोणाला नको असतो.

आपली मैत्री कशी आहे हे तपासायचं असेल तर सोपा उपाय आहे. एकदा नाही म्हणून बघा. “आज गाडी देत नाही.” “मी पिणार नाही, तुम्ही घ्या.” “मला रीलमध्ये घेऊ नको.” “भरतीची तयारी आहे, रात्री येत नाही.” मित्र चांगला असेल तर दोन शिव्या घालील आणि सकाळी परत हाक मारील. पण नाही म्हटल्यावर ग्रुपमधून काढणं, टोपणनाव पाडणं, तुमची जुनी गोष्ट चारचौघांत काढणं, “तू लई बदलला” असं आठवडाभर ऐकवणं सुरू झालं, तर समजा की तिथं तुमच्यापेक्षा तुमच्या होकाराला किंमत होती.

एका गोष्टीत मात्र घाई करू नका, ती म्हणजे जिवलग मित्र मिळवायची. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल नावाच्या प्राध्यापकांनी 2018 साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या ओळखीचा साधा मित्र व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात आणि जवळचा मित्र व्हायला 200 तासांच्या वर, असं त्यात निघालं. आपल्याकडं एसटीनं तालुक्याच्या कॉलेजला रोज दोन तास जाणंयेणं करणाऱ्या पोरापोरींचे 200 तास चार-पाच महिन्यांत होतात. इन्स्टावर आठ दिवसांपूर्वी ओळख झालेला ‘जिगरी’ या हिशेबात कुठंच बसत नाही.

पैसा, जामीन आणि बँकेचं खातं

गावातल्या सगळ्यात जास्त मैत्र्या कशानं मोडल्या असं मला विचारलं तर मी प्रेमप्रकरण म्हणणार नाही. पैसा म्हणेन. यात माझा स्वतःचा अनुभव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा एक शाळेपासूनचा मित्र. त्यानं एका पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि मला जामीन घेतलं. मी सही केली, कागद वाचला नाही. मित्राचा कागद वाचायचा म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असं होतं, ही आपली समजूत. दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला, हप्ते थकले आणि नोटीस माझ्या घरी आली. बायकोनं ती आधी वाचली. पुढं काय झालं ते सांगत नाही.

पैसे मी भरले, थोडे थोडे करून. पण मला राग पैशाचा नव्हता. तो मला बघून रस्ता बदलायला लागला त्याचा होता. बाजारात मी दिसलो की तो भाजीच्या पालांमागून निघून जायचा. सहा वर्षं आम्ही बोललो नाही. त्याचे वडील वारले तेव्हा मी दहाव्याला गेलो. तिथं नदीच्या कडेला तो म्हणाला, “तुला तोंड दाखवायची लाज वाटायची रे.” म्हणजे मी सहा वर्षं समजत होतो की त्यानं मला फसवलं, आणि तो सहा वर्षं लाजेनं मरत होता. नोटीस आली त्या आठवड्यात त्यानं घरी येऊन “माझ्याकडं आत्ता नाहीत” एवढं म्हटलं असतं, किंवा मी त्याच्या घरी गेलो असतो, तर हे झालं नसतं. मीही गेलो नाही. ताठा.

आता कायदा सांगतो. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे बँक आधी मित्राच्या मागं लागेल आणि मग माझ्याकडं येईल, असं धरून चालू नका. थेट तुमच्याकडं येऊ शकते. हप्ते थकले तर तुमच्या स्वतःच्या पीककर्जालाही अडचण येऊ शकते. जामीन राहायचंच असेल तर रक्कम किती, हप्ता किती, मुदत किती हे वाचून, घरात सांगून राहा. उसने द्यायचे असतील तर तेवढेच द्या जेवढे परत आले नाहीत तरी तुम्ही त्या माणसासोबत चहा पिऊ शकाल. आणि देताना तारीख बोलून घ्या. तारीख विचारणं अपमान नाही.

याहून नवी आणि जास्त धोक्याची गोष्ट म्हणजे खातं. “तुझं खातं दोन दिवस वापरू दे, माझे पैसे येणार आहेत, तुला हजार देतो.” असं म्हणणारा मित्र असो की मित्राचा मित्र, सरळ नाही म्हणा. ऑनलाइन फसवणुकीचे पैसे अशाच पोरांच्या खात्यांतून फिरवले जातात. खातं गोठतं, शिष्यवृत्ती अडकते आणि दुसऱ्या राज्यातले पोलीस दारात येतात तेव्हा खातं ज्याच्या नावावर आहे त्यालाच उत्तर द्यावं लागतं. एटीएम कार्ड, ओटीपी, आधारवर काढलेलं सिमकार्ड, यातलं काहीच मैत्रीखात्यात देऊ नका. ऑनलाइन जुगाराच्या गेमसाठी मित्राकडून उसने घेणारेही खूप झालेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर केंद्र सरकारनं ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून बंदी आणली. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर त्याला पैसे नका देऊ, त्याच्यासोबत बसा.

पोरगा पोरगी बोलले की

स्टँडवर एक मुलगा आणि एक मुलगी पाच मिनिटं बोलत उभे राहिले की ती बातमी त्यांच्या आधी गावात पोचते. त्यामुळं होतं काय, की दोघांना साधं बोलायचं शिक्षणच मिळत नाही. मुलगी म्हणजे बहीण नाहीतर ‘आयटम’, मधलं काही नाही. मग पोरं शिकतात सिनेमातून. तिथं हिरो दोन तास मागं मागं फिरतो आणि शेवटी ती हो म्हणते.

प्रत्यक्षात ती नाही म्हणाली, किंवा उत्तर दिलं नाही, ब्लॉक केलं, रस्ता बदलला, तर ते नाहीच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये हेच लिहिलंय. स्त्रीनं रस नाही असं स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं, संपर्क करायचा प्रयत्न करणं, ती इंटरनेटवर काय करते यावर नजर ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी 3 वर्षांपर्यंत आणि पुन्हा केला तर 5 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पोलीस भरतीला पळणाऱ्या पोरांनी हे नीट वाचावं, कारण चारित्र्य पडताळणीत असा गुन्हा आडवा येतो.

यात मित्रांचा वाटा मोठा असतो. “भाई, ती तुझ्याकडंच बघतीय” म्हणणारा, नंबर शोधून देणारा, मागं गाडी घालणारा. भांडण झालं की मुलाबरोबर तोही ठाण्यात बसतो. खरा मित्र तो जो म्हणतो, “ती नाही म्हणालीय ना, मग चल घरी.” असं म्हणायला हिंमत लागते, कारण त्या वेळी तो मित्र सगळ्यात जास्त चिडतो.

दुसरी गोष्ट वयाची. बाल लैंगिक अत्याचारविरोधी पॉक्सो कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती बालक मानली जाते, मुलगी असो की मुलगा. ‘दोघांची मर्जी होती’ हे तिथं चालत नाही. अकरावी-बारावीच्या वयात पळून गेलेल्या जोडप्यांच्या बातम्या मी दिल्यात. त्यातल्या बऱ्याच पोरांना हे ठाण्यात गेल्यावर कळलं. लग्नाचं वय मुलीचं 18 आणि मुलाचं 21. घरच्यांनी ठरवलेल्या लग्नालाही हेच लागू आहे. मैत्रिणीचं सतराव्या वर्षी लग्न ठरलंय असं कळलं तर 1098 वर फोन करता येतो.

सज्ञान मुलामुलीला मात्र आपला जोडीदार निवडायचा हक्क आहे, जात आणि धर्म वेगळा असला तरी. विशेष विवाह कायदा 1954 खाली नोंदणी पद्धतीनं लग्न करता येतं, त्याला आधी 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. अशा जोडप्यांना घरातून किंवा जातपंचायतीकडून धोका असेल तर पोलिसांनी संरक्षण द्यावं, त्यासाठी जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असे आदेश सर्वोच्च न्यायालयानं 27 मार्च 2018 रोजी शक्ती वाहिनी खटल्यात दिले आहेत. जातपंचायतीनं वाळीत टाकणं हा तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरोधी 2016 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

जमलेल्या नात्यातही नाही म्हणायची जागा हवी. “पासवर्ड दे, माझ्यावर विश्वास नाही का?” “कुठं आहेस, फोटो पाठव.” “ती मैत्रीण सोड.” “हा ड्रेस घालायचा नाही.” सुरुवातीला ही काळजी वाटते, गोड वाटते. पण लोकेशन मागणाऱ्याला उद्या उशिरा उत्तर दिलं तर राग येतो, परवा तो शिवी देतो. कान तिथंच टोचले तर टोचले. हात उचलणारा, नंतर रडून माफी मागणारा आणि पुन्हा हात उचलणारा, यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, पण सोसणाऱ्या जास्त मुलीच दिसतात. मैत्रिणींनी अशा वेळी “सोडून का देत नाहीस” असं दरडावू नये. ती परत त्याच्याकडं गेली तरी तुमचं दार उघडं राहू द्या. महिलांसाठी 181 हा नंबर आहे. मोफत वकील हवा असेल तर 15100, आणि स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही.

फोटो बाहेर गेला तर

हे प्रकरण सगळ्या तालुक्यात वाढलंय. खासगी फोटो पाठवू नका, हे मी सांगणारच. पण पाठवला गेला असेल तर दोष विश्वास ठेवणाऱ्याचा नाही, तो पसरवणाऱ्याचा आहे. हे आईबापांनी नीट ऐकावं. पोरगी गप्प राहते ती त्या धमकी देणाऱ्याला जेवढी भिते त्यापेक्षा जास्त तुम्हाला भिते, आणि त्याचा धंदा त्याच भीतीवर चालतो.

धमकी आली तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, नंबर, खात्याचं नाव, तारीख जपून ठेवा आणि मग ब्लॉक करा. घरात एका तरी मोठ्या माणसाला सांगा, आई नसेल तर मामी, आत्या, शाळेतल्या बाई. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते, आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही करता येते. महिला आणि बालकांविषयीच्या अशा तक्रारी तिथं नाव न सांगता करायची सोय आहे. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. 18 वर्षांवरच्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ आणि त्याखालच्यांसाठी ‘टेक इट डाऊन’ अशा दोन मोफत सेवा इंटरनेटवर आहेत. तुमचा फोटो फोनमधून बाहेर न जाता त्याचा एक सांकेतिक आकडा तयार होतो आणि तो वापरून त्यात सामील असलेल्या कंपन्या तो फोटो आपल्या साइटवर शोधून काढतात.

आणि ज्याच्या फोनवर असा फोटो येतो त्यानं काय करायचं? पुढं पाठवायचा नाही. “फक्त दोघांना दाखवला” हेसुद्धा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई, 67 आणि 67अ खाली पसरवणाराही गुन्हेगार ठरतो, आणि फोटो 18 च्या आतल्या व्यक्तीचा असेल तर 67ब लागतं, त्यात पहिल्याच गुन्ह्याला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड आहे. पाठवणाऱ्याला एवढंच लिहा, “माझ्याकडून पुढं जाणार नाही, तूही थांबव.”

मुलींची मैत्री

मुलींच्या मैत्रीची बातमी कधी होत नाही. पोरांना पार आहे, पानटपरी आहे, मंडळाचा कट्टा आहे. पोरींना बसायला जागा नाही. एसटीतली सीट आणि शाळेतली मधली सुट्टी, तेवढीच. बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे म्हणून तेवढं तरी. आणि लग्न झालं की सगळं एका दिवसात तुटतं. मुलाचे मित्र त्याच्या वरातीत नाचतात, मुलीच्या मैत्रिणी तिला गाडीत बसवून घरी जातात.

माझ्या मंडळींची एक शाळेतली मैत्रीण दुसऱ्या तालुक्यात दिलेली. दोघी वर्षातून एकदा माहेरच्या जत्रेत भेटतात. मोबाईल बदलला, सिम बदललं, तरी हिला तिचा नंबर तोंडपाठ आहे. मागं हिच्या आजारपणात तिचाच फोन रोज यायचा. मी घरातला माणूस असून मला जे सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलेलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा जरा वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. सासरच्यांनी सुनेचा मैत्रिणीला केलेला फोन मोजू नये.

जात, पॅनेल आणि स्टेटस

शाळेत एका डब्यात जेवणारी पोरं अठराव्या वर्षी वेगवेगळ्या बॅनरवर दिसायला लागतात. जयंती, मिरवणूक, ग्रामपंचायतीचं पॅनेल, आणि रात्री टाकलेलं एखादं चिथावणीचं स्टेटस. सकाळी डिलीट केलं तरी स्क्रीनशॉट फिरलेला असतो.

पुण्यात मिशनच्या शाळेत जोतीराव फुले आणि सदाशिव बल्लाळ गोवंडे यांची मैत्री जमली. एक माळ्याचा मुलगा, एक ब्राह्मणाचा. 1848 साली फुल्यांनी मुलींची शाळा काढली, गाव उलटं झालं, तरी गोवंडे त्यांच्या कामात सोबत राहिले. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे जमलं ते आत्ता न जमायला कारण काय, हे मला कळत नाही.

मतं जुळलीच पाहिजेत असंही नाही. टिळक आणि आगरकर कॉलेजातले मित्र, दोघांनी मिळून शाळा, वर्तमानपत्र उभं केलं. पुढं आधी राजकारण की आधी समाजसुधारणा यावरून इतकं बिनसलं की आगरकरांनी केसरी सोडून 1888 मध्ये सुधारक काढला. एकमेकांवर कडक लिहिलं. आगरकर 1895 साली वारले तेव्हा केसरीत मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. आमच्या गावात दोन चुलतमित्र दोन पॅनेलचे आहेत. त्यांनी एक साधा नियम केलाय, एकाच्या गोठ्यात बसल्यावर निवडणुकीचा विषय काढायचा नाही. तीन निवडणुका झाल्या, नियम टिकून आहे.

भांडण झालंच तर माफी मेसेजवर मागू नका, घरी जा. आणि माफीत ‘पण’ घालू नका. “चुकलं माझं, पण तू पण...” इथं माफी संपते आणि दुसरं भांडण सुरू होतं. ग्रुपवर सगळ्यांसमोर न्याय मागू नका, मध्यस्थ लागलाच तर दोघांना मान्य असलेला एक माणूस बास.

मित्र खचला असेल तर

आता ज्या गोष्टीपासून सुरुवात केली तिथं येतो.

काही खुणा आहेत. नेहमी येणारा यायचा बंद होतो. झोप उडते किंवा दिवसभर झोपून राहतो. आवडती वस्तू देऊन टाकतो. “माझ्यामुळं सगळ्यांना त्रास आहे”, “आता फार दिवस नाहीत” असं बोलतो, स्टेटस ठेवतो. पिणं अचानक वाढतं. नापास झालेला, भरतीतून थोडक्यात राहिलेला, प्रेमात नकार मिळालेला, बापाच्या कर्जाचं ओझं डोक्यावर घेतलेला, अशा मित्राकडं जास्त लक्ष ठेवा.

त्याला बाजूला घ्या आणि सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार येतोय का?” असं विचारल्यानं त्याच्या डोक्यात नसलेला विचार घुसतो अशी भीती असते, ती खोटी आहे. उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. तो बोलत असताना उपदेश करू नका. “मर्दासारखं राहा”, “तुझ्यापेक्षा लोकांचे हाल बघ”, “एवढ्याश्यानं काय रडतो”, यातलं काही नको. “सांग, मी ऐकतोय” एवढं पुरतं.

त्यानं हो म्हटलं तर त्याला एकटं सोडू नका. घरातल्या फवारणीच्या औषधांना कुलूप लावा आणि किल्ली दुसऱ्याकडं ठेवा, हे आजच करा. “कोणाला सांगणार नाही” असा शब्द देऊ नका. दिला असेल तर मोडा. हा एकच शब्द असा आहे की तो मोडल्याबद्दल मित्र आज चिडेल, पण असेल. घरच्यांना सांगा, दवाखान्यात सोबत जा, बाहेर बाकड्यावर बसा. दुसऱ्या दिवशी परत जा, आठवड्यानं परत जा.

पोलीस केस होईल म्हणून लोक दवाखान्यात न्यायला घाबरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि वेगळं सिद्ध झालं नाही तर त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही. त्याला उपचार देणं हे सरकारचं काम आहे. वेळ घालवू नका.

केंद्र सरकारची टेली मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, नंबर 14416. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. खचलेला माणूसच फोन करू शकतो असं नाही, मित्रानं काय करावं हे विचारायलाही करता येतो. तातडीची वेळ असेल तर 112. वय 18 च्या आत असेल तर 1098. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी किशोरवयीन आरोग्य क्लिनिक असतं, आपल्या राज्यात त्याचं नावच ‘मैत्री’ आहे. तिथं समुपदेशकाशी बोललेलं गुप्त ठेवलं जातं. केस पेपर काढताना लाज वाटत असेल तर मित्राला सोबत न्या. आपल्या रुग्णालयात ते कोणत्या दिवशी आणि किती वाजता असतं हे आशाताईंना विचारलं तर त्या सांगतात.

1930, 181, 15100, 1098, 14416 आणि 112 हे सहा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, शाळेच्या भिंतीवर आणि एसटीच्या निवाऱ्यावर ऑइलपेंटनं लिहायला फार खर्च येत नाही. आमच्या गावात या ग्रामसभेला मी हा विषय मांडणार आहे. तुमच्या गावात कोणी लिहून घेतले तर फोटो पाठवा, पोर्टलवर लावू.